लखीसरायचे पत्र

मागच्या पावसाळ्यात, एका रविवारी दिवेलागणीच्या सुमारास, माझा एक जुना विद्यार्थी आमच्या पाचपाखाडीच्या घरी आला आणि चपला दारात काढता काढताच म्हणाला, “बाई, काल मला आठ तास बसवून ठेवलं, पण का ते कुणी सांगितलंच नाही.” ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी सत्तावीस वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. एवढ्या वर्षांत मूलभूत हक्कांचे प्रकरण मी किती वेळा शिकवले असेल याची मोजदाद नाही. परंतु त्या प्रकरणातले एक कलम असे दारातून आत चालत येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

घडले ते थोडक्यात असे. घोडबंदर रस्त्याच्या कडेची काही झाडे तोडली जाणार असल्याचे कळल्यावर तो आणि त्याचे चार मित्र हातात फलक घेऊन पदपथावर उभे राहिले. घोषणा नव्हत्या, रस्ता अडवलेला नव्हता. अर्ध्या तासाने पोलिसांची गाडी आली, पाचही जणांना एका पोलीस ठाण्यात नेण्यात आले आणि त्यांचे मोबाइल काढून घेण्यात आले. आम्हाला कशासाठी आणले, असे त्याने दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर मिळाले की किरकोळ कलम आहे, जामीन होण्यासारखे आहे, काळजी करू नका. संध्याकाळी एका छापील कागदावर सह्या घेऊन त्यांना सोडून दिले. त्या कागदावर कलमाचा आकडा हाताने लिहिलेला होता आणि तो त्याला नीट वाचताही आला नाही. निघताना एकाने समजावले, की याला अटक म्हणू नका, फक्त ताब्यात घेतले होते. त्याला कोणी मारले नाही, शिवी दिली नाही, दुपारी चहाही दिला, हे त्याने स्वतःहून आणि प्रामाणिकपणे सांगितले. त्याच्या मनात राहिली होती ती केवळ न मिळालेल्या एका वाक्याची सल.

“जामीन होण्यासारखे कलम आहे” हे उत्तर ऐकले तेव्हा मी क्षणभर बोलू शकले नाही, कारण जवळजवळ हेच उत्तर मी पूर्वी वाचले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात ते नोंदलेले आहे आणि ज्याला ते देण्यात आले तो लोकसभेचा विरोधी सदस्य होता. त्या रविवारी मी विद्यार्थ्याला ती हकिगत सांगितली आणि तेव्हापासून ती लिहून काढावी असे मनात होते.

६ नोव्हेंबर १९६८ रोजी बिहारमधल्या मुंगेरजवळच्या लखीसराय रेल्वे स्थानकावर मधु लिमये आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना पोलिसांनी अटक केली. लिमये पुण्यात जन्मलेले. गोवामुक्तीच्या सत्याग्रहात १९५५ मध्ये पोर्तुगीजांच्या लष्करी न्यायालयाने त्यांना बारा वर्षांची शिक्षा सुनावली होती आणि १९५७ मध्ये ते सुटले होते. १९६४ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९६७ मध्ये मुंगेरच्या मतदारांनी या मराठी माणसाला लोकसभेत पाठवले. म्हणजे अटक झाली त्या दिवशी ते विद्यमान खासदार होते, समाजवादी पक्षाचे अग्रणी होते आणि सभागृहाच्या नियमांचा इतका बारकाईने अभ्यास केलेले होते, की ते बोलायला उठले की मंत्र्यांना आपले कागद पुन्हा तपासावे लागत.

त्याच दिवशी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. मला आणि माझ्या सोबत्यांना अटक झाली आहे, अटकेची कारणे सांगण्यात आलेली नाहीत, केवळ जामीनपात्र कलमांखाली अटक केली आहे एवढेच सांगण्यात आले आहे, ही स्थानबद्धता बेकायदेशीर आहे, तेव्हा आमची सुटका करावी, असा त्या पत्राचा आशय होता. घटनेच्या कलम ३२ नुसार न्यायालयाने ते पत्र याचिका म्हणून दाखल करून घेतले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले तिच्याकडे येते. खासदाराला अटक झाली तर त्याची कारणे लोकसभेच्या अध्यक्षांना ताबडतोब कळवली पाहिजेत, असे सभागृहाच्या कामकाजाच्या २२९ व्या नियमात सांगितले आहे. म्हणजे लिमये यांच्याकडे एक वेगळे दार होते. दिल्लीत हक्कभंगाचा प्रश्न उपस्थित करायचा, सभागृह डोक्यावर घ्यायचे, अध्यक्षांच्या दालनातून फोन जायचा आणि खासदारसाहेबांची सुटका व्हायची, हे त्यांना सहज शक्य होते आणि हक्कभंगाच्या प्रस्तावात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. परंतु त्या पत्रात त्यांनी आधार घेतला तो घटनेच्या कलम २२ च्या पहिल्या उपकलमाचा: अटक झालेल्या कोणत्याही व्यक्तीला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा तिचा हक्क नाकारता येणार नाही. लखीसरायच्या फलाटावर त्यांच्याबरोबर पकडलेले जे कार्यकर्ते होते, त्यांना २२९ वा नियम लागू नव्हता. कलम २२ मात्र त्यांना आणि लिमये यांना सारखेच लागू होते. त्यांनी खासदारकी बाजूला ठेवून सगळ्यांच्या मालकीचा हक्क मागितला, म्हणून जो निकाल मिळाला तोही सगळ्यांच्या मालकीचा झाला.

निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्यांची व सहकाऱ्यांची सुटका झाली. जमावबंदीचा भंग केल्याची भाषा पुढे कागदांवर आली होती, पण अटकेच्या वेळी कारणे सांगितल्याचे सरकारला दाखवता आले नाही. न्यायालयाने कारण सांगण्यामागचा हेतू अतिशय साध्या शब्दांत मांडला आहे. पकडणाऱ्याचा काही गैरसमज झाला असेल तर तो तिथल्या तिथे दूर करण्याची संधी पकडल्या गेलेल्या माणसाला मिळावी, आणि आरोप नेमका काय आहे हे कळल्यावर त्याला वकिलाशी बोलून बचावाची तयारी करता यावी, असे ते दोन हेतू. दंडाधिकाऱ्याने नंतर दिलेल्या कोठडीच्या आदेशामुळे मुळातला घटनात्मक दोष धुऊन निघत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. माझ्या विद्यार्थ्याला त्या पदपथावरच कारण कळले असते, तर आपण रस्ता अडवलेला नाही, हे त्याने दोन मिनिटांत दाखवले असते. तो आठ तास बसला तो त्या दोन मिनिटांच्या अभावी.

या कलमाचा जन्म ज्या दिवशी झाला, तो दिवस शिकवताना माझा आवाज वर्गात नेहमी थोडा चढत असे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत १५-अ हा नवा अनुच्छेद मांडला. तोच आजचा अनुच्छेद २२, म्हणजे वर सांगितलेले घटनेचे कलम २२. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून ‘कायद्याची योग्य प्रक्रिया’ ही शब्दयोजना वगळली गेली होती आणि त्यामुळे संसदेला कसलाही कायदा करून कोणालाही आत टाकण्याची मोकळीक मिळते, अशी टीका होत होती. झालेल्या नुकसानीची काही अंशी भरपाई म्हणून आपण हा अनुच्छेद आणत आहोत, हे बाबासाहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितले. तरीही सभासदांचे समाधान झाले नाही, कारण त्याच अनुच्छेदाच्या पुढच्या भागात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे खटला न चालवता माणसाला अटकेत ठेवण्याला, घटनेचीच मान्यता मिळत होती. महावीर त्यागी उभे राहिले आणि मसुदा समितीच्या सदस्यांनी तुरुंगवास भोगलेला असता तर बरे झाले असते, अशी खंत त्यांनी बोलून दाखवली. ब्रिटिशांच्या तुरुंगात वर्षे काढलेला माणूस स्वतंत्र देशाच्या घटनेत तुरुंगाची तीच किल्ली पाहत होता. त्यागी काँग्रेसचेच होते. घटना समितीत आजच्या अर्थाने विरोधी पक्ष जवळजवळ नव्हताच. पण विरोधी सदस्याचे काम तिथे सत्ताधारी बाकांवरची माणसे करीत होती.

या अनुच्छेदाची पहिली मोठी कसोटी घटना अंमलात आल्यानंतर चार महिन्यांतच लागली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन मद्रासमध्ये स्थानबद्ध होते. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे १९५० मध्ये निर्णय दिला. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा कायदा बव्हंशी टिकला. मात्र स्थानबद्धतेची कारणे न्यायालयातही उघड करता येणार नाहीत, असे सांगणारे त्या कायद्यातले कलम १४ न्यायालयाने रद्द केले. गोपालन हरले असेच इतिहास सांगतो आणि ते खरेही आहे. पण त्या पराभवातही ‘कारण सांगा’ हा एवढा तुकडा त्यांनी वाचवला होता. १९५२ मध्ये ते लोकसभेत निवडून आले आणि तिथे दीर्घकाळ विरोधी बाकांवर बसले.

लिमये यांचीही दुसरी लढाई पूर्णपणे यशस्वी झाली नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या जमावबंदीच्या कलम १४४ च्या घटनात्मकतेलाच त्यांनी आव्हान दिले होते. सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७० मध्ये ते कलम वैध ठरवले. त्याचा वापर तातडीच्या परिस्थितीपुरताच व्हावा, हे बंधन निकालात आले आणि चौकशी सुरूच न करता माणसाला हमीपत्रासाठी अडकवून ठेवण्याच्या पद्धतीला चाप बसला, हे महत्त्वाचे. परंतु कलम राहिले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याचा क्रमांक १६३ झाला आहे. आपल्या शहरात तर त्याचीही गरज क्वचितच पडते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पाच किंवा अधिक माणसांना एकत्र येण्यास बंदी करणारे मनाई आदेश ठाणे पोलीस आयुक्तालय वेळोवेळी काढते आणि ते स्थानिक वृत्तपत्रांत आतल्या पानावर चार ओळींत छापून येतात. पोलीस आयुक्तांनी काढलेला असा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीविना पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालू शकत नाही, असे कायदाच सांगतो. म्हणून पंधरा दिवस सरले की पुष्कळदा नवा आदेश निघतो. सण, निवडणुका, परीक्षा, आंदोलने अशी कारणे त्यात असतात आणि त्यांतली काही खरीही असतात. पण वर्षातल्या बऱ्याच दिवसांत पाच माणसांनी मासुंदा तलावाच्या काठी फलक घेऊन उभे राहणे कागदोपत्री गुन्हा ठरू शकतो, याची जाणीव तिथे फिरायला येणाऱ्या हजारांपैकी किती जणांना असेल?

आणीबाणीबद्दल लिहिताना मला संयम ठेवावा लागतो, कारण त्या काळात मी शाळकरी मुलगी होते आणि आमच्या चाळीतले एक गृहस्थ सकाळी दूध आणायला गेले ते एकोणीस महिन्यांनी परत आले. त्यांच्या पत्नीने त्या काळात माझ्या आईला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता: त्यांनी केले तरी काय? त्याचे उत्तर न मिळण्याची व्यवस्था कायद्यानेच केली होती, हे मला पुढे मोठी झाल्यावर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात वाचताना उमगले. १८९३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत बसून मी ते दिवस तारखेनिशी उतरवून घेतले. १९७५ च्या २५ जूनच्या रात्री आणीबाणी. २७ जूनला राष्ट्रपतींचा आदेश, त्यानुसार अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांच्या रक्षणासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित. २९ जूनला अध्यादेश, त्यानुसार ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षेच्या नावाखालील स्थानबद्धतेच्या कायद्यात कलम १६-अ दाखल, आणि त्या कलमामुळे स्थानबद्ध केलेल्या माणसाला कारणे सांगण्याचे बंधन उरले नाही. लखीसरायहून गेलेल्या पत्राने जे वाक्य मिळवले होते ते पाच दिवसांत पुसले गेले.

संसदेचे अधिवेशन २१ जुलै १९७५ रोजी भरले. विरोधी पक्षांचे कितीतरी सदस्य तुरुंगात होते. प्रश्नोत्तरांचा तास रद्द करून केवळ सरकारी कामकाज घ्यावे, असा प्रस्ताव सरकारने मांडला आणि त्याला इरा सेझियन, सोमनाथ चटर्जी यांच्यासारख्या सदस्यांनी कडाडून विरोध केला. गोपालन बोलले. पुण्यातून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले आणि काही महिन्यांपूर्वी मंत्रिपदावरून दूर केले गेलेले मोहन धारियाही आणीबाणीविरुद्ध बोलले; पुढे तेही तुरुंगात गेले. या भाषणांना बाहेर कोणी श्रोता नव्हता. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होते आणि विरोधी सदस्यांची भाषणे छापण्याची सोय नव्हती. २३ जुलैला लोकसभेने आणीबाणीच्या घोषणेला मान्यता दिली: बाजूने ३३६, विरुद्ध ५९. या ५९ जणांबद्दल मी मुलांना नेहमी सांगत असे. आपले मत हरणार, हे त्यांना ठाऊक होते. आपले शब्द दुसऱ्या दिवशी कुठल्याही घरात वाचले जाणार नाहीत, हे ठाऊक होते. बाहेर पडल्यावर काय होऊ शकते, तेही दिसत होते. तरीही सभागृहाच्या कार्यवृत्तात ते शब्द उतरले आणि आज मला ते वाचता येतात. लघुलेखकाच्या वहीत उतरण्यासाठी बोलणे हेही काम आहे आणि माझ्या मते सभागृहातल्या कामांमध्ये ते फार वरच्या दर्जाचे काम आहे.

आमच्या घरी या आठवणीला कोकणाची एक बाजू होती. माझे माहेर राजापूर तालुक्यातले आणि प्रा. मधु दंडवते हे आमच्या गावचे खासदार. संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले असतानाच वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्यासह त्यांना अटक झाली. या चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात देहोपस्थितीची, म्हणजे अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याची, याचिका केली. अशा याचिका ऐकता येतात, असे देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी ठरवले. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते दारही बंद केले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात राहिले. आमच्या ठाणे मतदारसंघाने १९७७ मध्ये ज्यांना लोकसभेत पाठवले ते जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी हेही आणीबाणीत तुरुंगात होते. समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघी आणि काँग्रेसमधून बाहेर पडलेला अशी ही माणसे एरवी एकमेकांचे तोंड पाहण्यास नाखूश असत. त्यांच्या विचारांपैकी बरेचसे मला स्वतःला पटत नाहीत आणि ते पटावेत अशी अपेक्षाही नाही. अनुच्छेद २२ कोणत्या पक्षाच्या माणसाला लागू आहे, असे त्यात लिहिलेले नाही.

लिमये त्या वेळी मध्य प्रदेशातल्या नरसिंहगडच्या तुरुंगात होते. मार्च १९७६ मध्ये पाचव्या लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपत होती आणि सरकारने कायदा करून ती एका वर्षाने वाढवली. मतदारांनी मला पाच वर्षांसाठी निवडून दिले, सहाव्या वर्षासाठी दिलेले नाही, ही लिमये यांची भूमिका होती. त्यांनी तुरुंगातूनच लोकसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. शरद यादव यांनीही दिला. एवढ्या मोठ्या सभागृहात हे पाऊल उचलणारे ते दोघेच. तुरुंगातल्या माणसाकडे खासदारकीची ढाल किती मोलाची असते, याचा विचार केला म्हणजे या कृतीचे वजन कळते. १९६८ मध्ये त्यांनी ती ढाल बाजूला ठेवली होती, १९७६ मध्ये ती परत केली.

चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७८ मध्ये बरीच डागडुजी झाली. ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे कारण काढून त्या जागी ‘सशस्त्र उठाव’ आले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक झाला, लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षे झाली आणि अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, असे ठरले. मात्र नीट वाचणाऱ्याच्या लक्षात येईल की या आडोशाखाली अनुच्छेद २२ आलेला नाही. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे त्याच दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने अनुच्छेद २२ मध्येही सुधारणा केली होती. स्थानबद्धतेची प्रकरणे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाविना माणसाला स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली होती आणि ते मंडळ अधिक स्वतंत्र केले होते. हे कलम केव्हा लागू करायचे ते सरकारने अधिसूचनेद्वारे ठरवायचे होते. ती अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. जनता पक्षाच्या सरकारने काढली नाही आणि त्यानंतर आलेल्या सर्व रंगांच्या सरकारांनीही काढली नाही. संसदेने मंजूर केलेली, राष्ट्रपतींची संमती मिळालेली घटनादुरुस्तीची ती ओळ पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ एका सहीसाठी थांबली आहे.

तिच्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले गेले ते राष्ट्रीय सुरक्षा अध्यादेशाच्या प्रकरणात, आणि तिथे पुन्हा एक विरोधी खासदारच उभा होता. धनबादचे खासदार ए. के. रॉय यांना त्या अध्यादेशाखाली स्थानबद्ध केले होते. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डिसेंबर १९८१ च्या निकालात, ते कलम लागू करण्याचा आदेश सरकारला देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. वर्गात ही हकिगत सांगितली की एखादी चुणचुणीत मुलगी हमखास विचारी, “बाई, मग आता कोण सांगणार?” मी म्हणत असे, लोकसभेत रोज कोणीतरी विचारत राहिले पाहिजे. हे उत्तर तिला अपुरे वाटत असे, ते मला तिच्या चेहऱ्यावरून दिसे. पण दुसरे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि आजही नाही.

विचारणारा माणूस सभागृहात असलाच पाहिजे, याची आठवण डिसेंबर २०२३ मध्ये तीव्रतेने झाली. त्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांतल्या मिळून १४६ विरोधी सदस्यांना निलंबित करण्यात आले आणि बाके अशी रिकामी असतानाच दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा यांविषयीचे तिन्ही नवे कायदे मंजूर झाले. १ जुलै २०२४ पासून देशातल्या बहुतेक अटका त्यांच्याखाली होतात. निलंबित सदस्यांचे सभागृहातले वर्तन आक्षेपार्ह होते असे कोणी म्हणेल. तो वाद मी इथे घालत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की कोठडीचे दिवस कसे मोजायचे, बेड्या कोणाला घालायच्या, कारणे कोणत्या शब्दांत सांगायची, या तपशिलांवर कलमवार खल होणे आवश्यक होते आणि तो करण्याची सवय असलेली माणसे त्या दिवशी बाहेर होती.

आपल्या राज्यातही १० जुलै २०२५ रोजी विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले. संयुक्त समितीकडे त्यावर बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या. विधानसभेत विरोध नोंदवण्यासाठी डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले उभे राहिले. डहाणू २०१४ पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते. आवाजी मतदानात कोण कोणत्या बाजूला होते याची मोजणी होत नाही, नावे नोंदली जात नाहीत. जो उभा राहून बोलतो त्याचेच तेवढे नाव कार्यवृत्तात राहते.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र पुढे सरकली आहे आणि ती लखीसरायच्या पत्राच्या वाटेनेच. अटकेची कारणे लेखी दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सक्तवसुली संचालनालयाच्या एका प्रकरणात सांगितले; मे २०२४ मध्ये तेच तत्त्व बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यालाही लागू केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ते सर्व गुन्ह्यांना लागू केले: कारणे लेखी द्यायची, अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची, आणि अगदी तातडीच्या प्रसंगी ती आधी तोंडी सांगावी लागली, तरी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी ती लेखी हातात पडली पाहिजेत. समजेल अशा भाषेत, हे वाचले तेव्हा मला ठाणे न्यायालयाच्या आवारात हातातला कागद उलटा धरून उभ्या असलेल्या बायका आठवल्या.

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. आठ तासांचा तो प्रकार निकालाच्या आधीचा होता आणि पोलिसांच्या मते ती अटकही नव्हती. निकाल आल्यावर मात्र त्याने पुन्हा माझ्याकडे येऊन अर्ज करायचे ठरवले: मला त्या दिवशी कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या तरतुदीखाली ताब्यात घेतले, ते मराठीत लेखी कळवावे. मसुदा त्याने घरून लिहून आणला होता. जेवणाच्या टेबलावर तो पसरून आम्ही दोघांनी शुद्धलेखन तपासले. सुरुवातीला त्याने स्वतःची ओळख ‘पर्यावरण कार्यकर्ता आणि युवा संघटनेचा उपाध्यक्ष’ अशी करून दिली होती. मी म्हटले, “हे कशाला?” तो म्हणाला, “बाई, त्याशिवाय कोण दखल घेणार?” मग मी त्याला पुन्हा एकदा २२९ वा नियम समजावला, फलाटावरचे ते सोबती समजावले. त्याला ते लगेच पटले असे नाही. चहा झाला, पाऊण तास गेला. शेवटी त्याने पेन उचलून ती ओळ खोडली, तिच्या वर नुसते ‘राहणार ठाणे’ लिहिले आणि दुसऱ्या दिवशी अर्जाच्या प्रतीवर पोच घेऊन आला. शिक्का थोडा तिरका बसला आहे, पण तारीख स्पष्ट वाचता येते.